खडकीचे जलमनोरे आणि गावोगावचे जलकुंभ

वाळूज, पंढरपूर, जोगेश्वरी, रांजणगाव, पाटोदा अशा कोणत्याही गावाकडे जाऊ लागले की मंदिराच्या शिखराच्या आधी किंवा शिखराबरोबर दृष्टीस पडते ती गावाची पाण्याची टाकी. उंच खांबांवर उभा असलेला हा जलकुंभ आता गावाच्या ओळखीचा भाग झाला आहे. पत्ता सांगताना ‘टाकीजवळ’ असे सहज सांगितले जाते. मात्र ही टाकी उंचावरच का बांधतात, पाणी आधी वर चढवून मग खाली का सोडतात, आणि ही कल्पना आपल्या भागात केव्हापासून आहे, याचा विचार फारसा होत नाही. सिमेंट व वीज येण्यापूर्वी कितीतरी वर्षे आपल्या परिसरात पाण्याचे मनोरे उभे राहिले होते, आणि ते एका खडकाळ खेड्यासाठी आखलेल्या जलयोजनेतून उदयास आले, ही गोष्ट प्रत्येक रहिवाशास ठाऊक असावी अशी आहे.

खडकी गाव आणि मलिक अंबर

ते खेडे म्हणजे खडकी. आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराचे हे मूळ नाव. नावातच जमिनीचा गुण सांगितलेला आहे. वरचा मातीचा थर पातळ आणि खाली काळा बेसॉल्ट खडक. अशा जमिनीत पावसाचे पाणी मुरते कमी व वाहून जाते अधिक. जे मुरते तेही खडकाच्या भेगांतूनच पुढे सरकते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये याच जागी आपले ठाणे वसविले. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला व अखेर दख्खनच्या राजकारणाची सूत्रे हाती घेणारा हा पुरुष लढाईइतकाच जमीन महसूल व पाणी या विषयांतही जाणकार होता. १६१२ मध्ये त्याने भडकल दरवाजा बांधला. नगराला वस्ती हवी आणि वस्तीला पाणी हवे, हा हिशेब त्याने त्याच वेळी मांडला असला पाहिजे. कारण दरवाजा उभा राहिल्यानंतर काही वर्षांतच, १६१७-१८ च्या सुमारास, ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने आजही ओळखली जाणारी जलयोजना साकार झाली. पंधरा महिन्यांत व सुमारे अडीच लाख रुपयांत हे काम पुरे झाले, असे परंपरेने सांगितले जाते.

पाणी हे शस्त्रही होऊ शकते, हे याच मलिक अंबराने १६२४ मध्ये अहमदनगरजवळील भातवडीच्या युद्धात दाखवून दिले. तेथे तलावाचा बांध फोडून त्याने मोगल व आदिलशाही फौजांच्या वाटेत चिखल केला व त्यांची कोंडी केली. एकाच पुरुषाने एका ठिकाणी पाण्याने शत्रू अडविला आणि दुसऱ्या ठिकाणी पाण्याने नगर जगविले. १६२६ मध्ये तो निवर्तला. पुढे खडकीचे फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, राजवटी बदलल्या. पण जमिनीखालून वाहणारे पाणी कित्येक पिढ्या त्याच वाटेने येत राहिले.

नहरीची रचना

नहर या शब्दाचा अर्थ कालवा असा असला तरी खडकीची नहर ही उघडा कालवा नव्हती. शहराच्या उत्तरेस हर्सूल-जटवाडा बाजूच्या डोंगरउतारावर पाण्याची पातळी शहरापेक्षा उंच आहे. तेथे नदीपात्रालगत व नदीपात्राखाली भूमिगत दगडी मार्ग खोदून बांधण्यात आला. पाझराचे पाणी आत शिरावे अशी त्याची रचना होती. म्हणजे नदी उन्हाळ्यात वरून कोरडी दिसली तरी वाळू व खडकाच्या आतून झिरपणारे पाणी या मार्गात जमा होत असे. पुढे मार्गाला अतिशय सौम्य उतार देऊन ते शहराकडे आणले गेले. ठिकठिकाणी आत उतरून गाळ काढता यावा व हवा खेळती राहावी म्हणून झरोक्यांसारखी उभी विवरे ठेवलेली होती.

ही विद्या मुळात इराणमधील ‘कनात’ पद्धतीची आहे. इराणमधील निवडक कनातांना युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारशात स्थान दिले. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे असलेल्या बुऱ्हाणपुरात अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, ‘कुंडी भंडारा’ ही याच जातीची योजना झाली. अहमदनगर शहरातही निजामशाहीच्या काळात खापरी नळांनी पाणी खेळविलेले होते. म्हणजे खडकीची नहर ही एकटी निपजलेली नवलाई नव्हे. दख्खनमध्ये रुजलेल्या एका मोठ्या परंपरेचे ते परिपक्व फळ होय. पुढे मोगल काळात शहर वाढले तसतशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर, बेगमपुऱ्यातील थत्ते हौदाची नहर ही त्यांपैकी लोकांच्या तोंडी असलेली नावे.

मनोरा कशासाठी?

आता मनोऱ्यांचा प्रश्न. पाणी उंचावरून सखल जागी बंद नळातून आणले तर नळात दाब निर्माण होतो. हिशेब सोपा आहे. पाण्याची पातळी जितकी उंच तितका तळाशी दाब अधिक. दर दहा मीटर उंचीला एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे एक किलोग्रॅम. भाजलेल्या मातीचे खापरी नळ आणि चुन्याचे सांधे हा दाब काही मर्यादेपर्यंतच सोसू शकतात. दाब वाढला की सांधा सुटतो. दुसरी अडचण हवेची. बंद नळात हवा कोंडली की पाण्याची वाट अडते. तिसरी अडचण गाळाची.

या तिन्ही अडचणींवर जुन्या कारागिरांनी एकच उपाय योजला, तो म्हणजे मनोरा. नळाच्या वाटेवर काही अंतराने दगड-विटांचा भरीव चौकोनी स्तंभ बांधावयाचा. येणारा नळ स्तंभाच्या अंगातून वर न्यावयाचा, माथ्यावर लहानशी उघडी कुंडी ठेवावयाची व कुंडीतून दुसरा नळ खाली उतरवून पुढे न्यावयाचा. उगम उंचावर असल्याने पाणी आपोआप कुंडीपर्यंत चढते. त्यासाठी बैल, मोट वा पंप लागत नाही. कुंडी उघडी असल्यामुळे तेथे साचलेला दाब मोकळा होतो, कोंडलेली हवा निघून जाते आणि गाळ कुंडीच्या तळाशी बसतो. पुढच्या नळाला केवळ कुंडीच्या उंचीइतकाच दाब सोसावा लागतो. प्रत्येक पुढचा मनोरा मागच्यापेक्षा किंचित ठेंगणा, म्हणजे जिना उतरल्याप्रमाणे दाब टप्प्याटप्प्याने कमी केलेला. शिवाय कुंडीतून फाटे काढून आसपासच्या हौदांना पाण्याची वाटणीही करता येते.

हा विचार जगात अनेक ठिकाणी आढळतो. इटलीतील पाँपे या प्राचीन नगरात रस्त्यांच्या कोपऱ्यांवर माथ्यावर शिशाची टाकी असलेले असे स्तंभ सापडले आहेत. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या जलयोजनेत अशा मनोऱ्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ ‘पाण्याचा तराजू’ असा होतो. त्यातील ‘तेराझी’ आणि मराठीतील ‘तराजू’ हे दोन्ही शब्द फारसीतूनच आलेले. नाव अगदी यथार्थ आहे, कारण मनोरा दोन्ही बाजूंचे पाणी तोलून धरतो. विजापुरात आदिलशाहीच्या काळात तोरवीहून व १६५१ मध्ये बांधलेल्या बेगम तलावाहून आणलेल्या पाण्यासाठी असे बुरूज उभारले गेले. त्यांना तेथे ‘गंज’ म्हणतात आणि त्यांची उंची साधारणपणे २५ ते ४० फूट आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ च्या सुमारास, कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणताना वाटेत बांधलेल्या उभ्या विवरांना ‘उच्छ्वास’ हे सुंदर नाव मिळाले. नळाला श्वास घेऊ देणारी जागा, असा त्याचा भाव आहे.

पाणचक्की : उभा असलेला पुरावा

आपल्या शहरात हे तत्त्व डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर पाणचक्की हे उत्तम स्थान होय. गझदवानहून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाच्या परिसरात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हौद, नहर व चक्की यांची कामे झाली. काही किलोमीटर अंतरावरून जमिनीखालून आलेले पाणी येथे एका उंच भिंतीच्या अंगातून वर चढते व माथ्यावरून धारेने हौदात कोसळते. याच पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरे आणि तकियात राहणारे विद्यार्थी, फकीर व वाटसरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. वर पाणी व खाली माणसे, त्यामुळे दालन उन्हाळ्यात थंड राहते. एकाच पाण्याने तहान भागविली, दळण दळले, घर थंड ठेवले आणि उरलेले पाणी खाम नदीला परत दिले. एका वस्तूचा इतक्या प्रकारे उपयोग करून काहीही वाया न घालविण्याची ही रीत कोणत्याही काटकसरी गृहस्थाने वाखाणावी अशीच आहे.

गाळलेले पाणी

मनोऱ्याच्या कुंडीत पाणी क्षणभर विसावते व गाळ खाली बसतो, या व्यवस्थेशी जैन घराण्यांतील एका जुन्या आचाराचे नाते सहज जुळते. पाणी गाळून पिणे हा श्रावकाच्या आचाराचा पाया मानला गेला. त्यासाठी जाड सुती, स्वच्छ, दुहेरी घडीचे गाळणे वापरावे. ते ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद असावे, असे प्रमाणही परंपरेने सांगितले. गाळण्यावर उरलेली जिवाणी पुन्हा त्याच जलाशयात अलगद पोहोचवावी, हा त्यातील दुसरा व अधिक कठीण भाग. यात आरोग्य तर आहेच, पण ज्या ठिकाणाहून पाणी घेतले त्या ठिकाणाशी संबंध तुटू न देण्याची जाणीवही आहे. नळ आल्यावर गाळणे तोटीला बांधता आले. परंतु जिवाणी परत कोठे न्यावयाची, हा प्रश्न उभा राहिला. त्यागी व मुनिजनांच्या आहारासाठी विहिरीचे पाणी लागते, म्हणून अनेक जिनमंदिरांच्या आवारात नळ आल्यानंतरही आड जपले गेले. नळाने सोय दिली, पण उगम दृष्टीआड केला. जलकुंभाच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल हाच होय.

सिमेंटचा जलकुंभ

विसाव्या शतकात लोखंडी सळई व सिमेंट काँक्रीट आले आणि टाकी खांबांवर चढली. कोलकात्याची १९११ मध्ये पूर्ण झालेली टाला येथील पोलादी टाकी ११० फूट उंचीवर ९० लाख गॅलन पाणी धारण करते. तो या युगाचा एक भव्य नमुना. खेड्यातील जलकुंभ त्यामानाने अगदी लहान, पण तत्त्व तेच. समजा १ लाख लिटरची टाकी १२ मीटर उंच खांबांवर आहे. तर भरल्यावर केवळ पाण्याचेच वजन १०० टन होते. ते सर्व वजन खांबांतून पायापर्यंत उतरते. वारा व भूकंपाचे धक्के सोसावेत म्हणून खांब मध्ये आडव्या तुळयांनी एकमेकांना बांधलेले असतात. टाकी बहुधा गोल असते, कारण गोल भिंतीवर पाण्याचा रेटा सर्व बाजूंनी सारखा येतो व कोपऱ्यांत ताण साठत नाही. १२ मीटर उंचीमुळे खालच्या नळाला १.२ किलोग्रॅमचा दाब मिळतो आणि गावाच्या टोकाच्या घरापर्यंत पाणी पोहोचते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्या हिशेबाने २,००० वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते.

परंतु जुना मनोरा व नवा जलकुंभ यांत एक मूलभूत भेद आहे. नहरीचा उगम मनोऱ्यापेक्षा उंच होता; निसर्गच पाणी वर चढवीत असे. नव्या टाकीचे पाणी विहीर, कूपनलिका वा धरण यांतून विजेने उचलावे लागते. आपल्या शहराचे उदाहरण घ्यावे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. या नाथसागराची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, तर शहराची उंची सुमारे ५६८ मीटर. म्हणजे प्रत्येक थेंब १०० मीटरहून अधिक वर चढवावा लागतो. १ लाख लिटर पाणी १०० मीटर उचलण्यास केवळ तत्त्वानुसार २७ युनिट वीज लागते. पंपातील व नळातील घट धरल्यास प्रत्यक्षात ४० युनिटहून अधिक. वहीच्या भाषेत सांगावयाचे तर नहरीला भांडवली खर्च होता, पण चालू खर्च जवळजवळ नव्हता. आजच्या योजनेत दोन्ही खर्च आहेत आणि चालू खर्च कधीही थांबत नाही. वीजबिल थकले की कितीही सुंदर जलकुंभ रिकामा घडा होऊन उभा राहतो. महाराष्ट्रातील कित्येक गावांनी हा अनुभव घेतला आहे.

वाळूजचा धडा

वाळूज परिसरास या प्रश्नाची झळ अधिक लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला व त्यामागून शेकडो लहानमोठे उद्योग आले. जिथे ज्वारी-बाजरीची शेते होती तिथे कामगारांच्या वसाहती वाढल्या, बाजारपेठ वाढली, व्यापार वाढला. पाण्याची मागणी मात्र त्याच नाथसागराकडे वळली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. टाकी पाणी निर्माण करीत नाही, ती केवळ पाण्याची वाटणी करते, हे त्या उन्हाळ्याने सर्वांना शिकविले. शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तीही जायकवाडीवरच आधारलेली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या खाम नदीच्या खोऱ्यातील शुद्ध पाझर नहरींनी शहरात आणला, तीच खाम शहराचे सांडपाणी पोटात घेऊन वाळूजच्या बाजूने गोदावरीकडे जाते. ज्या जलाशयातून आपण पाणी उचलतो त्याच्याच खोऱ्यात आपले मैलापाणी सोडतो. पूर्वजांनी जिवाणी जपून परत पाठविली. आपण काय परत पाठवितो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने व प्रत्येक कारखान्याने केला पाहिजे.

आशेची उदाहरणेही याच परिसरात आहेत. वाळूजजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात घरोघरी पाण्याला मीटर बसविले, पिण्याचे शुद्ध पाणी वेगळे दिले व वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबांना दळण मोफत दळून देण्याची प्रथा सुरू केली. पाणचक्कीवर वाटसरूंसाठी दळण दळले जात होते. तीन शतकांनंतर त्याच जिल्ह्यातील एका गावाने पाणी, कर व दळण यांची सांगड पुन्हा घातली. पाण्याचा हिशेब चोख ठेवला तर गाव समृद्ध होऊ शकते, याचा हा प्रत्यक्ष दाखला होय.

उरलेला वारसा

नहरींची स्थिती आज समाधानकारक नाही. त्यांच्या मार्गावर इमारती उभ्या राहिल्या, रस्ता रुंद करताना विवरे बुजली, कूपनलिकांनी पाझर ओढून घेतला, काही ठिकाणी सांडपाणी आत शिरले. शिल्लक राहिलेल्या मनोऱ्यांवर झाडे उगवली आहेत व त्यांच्या मुळ्या चुन्याचे सांधे फोडीत आहेत. मंदिर किंवा मशिदीला भक्त असतात, किल्ल्याला प्रवासी असतात. पण पाण्याच्या मनोऱ्याला कोणी वाली नसतो. तो कोणा एका समाजाचा नाही, आणि म्हणूनच तो सर्वांचा आहे. ज्या पाण्यावर हिंदू, मुसलमान, जैन अशा सर्व घरांच्या चुली पेटल्या, त्या पाण्याची वाट जपणे हे सर्वांचेच कर्तव्य होय.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. नहरीचा मार्ग नकाशावर व जमिनीवर खुणांनी दाखवावा. मनोऱ्यावरील झाडे मुळासकट काढावीत. उघड्या विवरांवर झाकण बसवावे. नहरीत सांडपाणी जाऊ देऊ नये. शाळांच्या सहलींत पाणचक्कीसमवेत एखादा जुना मनोराही दाखवावा. आणि आपल्या गावच्या जलकुंभाखाली एक लहानसा फलक लावावा. टाकी कोणत्या वर्षी बांधली, किती लिटरची आहे, पाणी कोठून येते व ते वर चढविण्यास महिन्याला किती खर्च येतो, एवढेच त्यावर लिहावे. दुकानाच्या वहीप्रमाणे गावाच्या पाण्याचीही वही सर्वांना दिसेल अशी असावी. जमा किती व खर्च किती हे ज्याला रोज दिसते, तो उधळपट्टी करीत नाही.

पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यातील मोठा टप्पा असतो. नहरीने त्याच्या कित्येक पटीने अधिक वर्षे सेवा दिली, कारण तिच्या कर्त्यांनी उगम, वाट व वाटणी या तिन्हींची काळजी घेतली होती. आजचे जलकुंभही तितके टिकावेत असे वाटत असेल तर काँक्रीट मजबूत असून भागणार नाही; त्यांचा उगम जिवंत राहिला पाहिजे. पाणी ही वडिलांकडून मिळालेली मिळकत नसून मुलाबाळांची ठेव आहे. ती व्याजासह परत करणे आपल्या हाती नसले, तरी मुद्दल तरी शाबूत ठेवावे.